गळ्याची गाठ आणि सभेचा मान

माणसाने तोंड उघडण्यापूर्वीच त्याचा पोषाख त्याच्याविषयी काही ना काही सांगून मोकळा होतो. 'देश तसा वेश' ही म्हण आपल्याकडे जुनी आहे, आणि 'एक नूर आदमी, दस नूर कपडा' असेही सर्रास म्हटले जाते. पहिल्या म्हणीत व्यवहाराचे शहाणपण आहे; दुसरीत लोकांच्या दृष्टीविषयीची थोडीशी तक्रार आहे. या दोहोंच्या मध्येच कोठेतरी समारंभाच्या पोषाखाचा प्रश्न उभा असतो. तो वरवर पाहता किरकोळ वाटतो. परंतु ज्याला प्रथमच एखाद्या औपचारिक समारंभाचे निमंत्रण येते, त्याची आदल्या रात्रीची झोप हाच प्रश्न उडवू शकतो.

सुरत शहराच्या आग्नेय अंगाला, उधना स्थानकापलीकडे, दिंडोलीला लागून नवागाम हा भाग आहे. उधन्याहून बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, अमळनेर असा जळगावपर्यंत जाणारा तापीकाठचा लोहमार्ग याच बाजूने जातो. या मार्गाने खानदेशातील असंख्य कुटुंबे सुरतेला आली आणि यंत्रमाग, रंगाई-छपाई व कापडबाजार यांच्या आधाराने येथे स्थिरावली. घरात अहिराणी, बाजारात गुजराती आणि सभेत प्रमाण मराठी अशी तिहेरी भाषा येथील मुले सहजपणे बोलतात. सुरत महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळांतून शिकून पुढे पदवीपर्यंत पोहोचणारी पिढी आता या वस्तीत आहे. ज्या घरातील बापाने आयुष्यभर कापड विणले, त्या घरातील मुलाला पदवीदानाचे, कंपनीच्या वार्षिक मेजवानीचे किंवा व्यापारी मंडळाच्या सत्काराचे निमंत्रण येते, आणि पत्रिकेच्या तळाशी छापलेली 'पोषाख : औपचारिक' ही ओळ घरातल्या सर्वांना बुचकळ्यात टाकते. घरात एक सूट असतो. तो बहुधा लग्नात शिवलेला असतो. त्याच्यासोबत दुकानदाराने दिलेला बो-टायही पेटीत पडलेला असतो. कामकाजाच्या साध्या सुटावर हा बो-टाय बांधून समारंभाला जावे काय, असा हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर हो किंवा नाही अशा एका शब्दात देता येण्याजोगे नाही. त्यासाठी त्या लहानशा गाठीचा इतिहास थोडा पाहिला पाहिजे.

गळ्याभोवती वस्त्र बांधण्याची चाल फार पुरातन आहे. परंतु आजच्या टायचे आणि बो-टायचे कूळ सतराव्या शतकातील युरोपात सापडते. १६१८ ते १६४८ या तीस वर्षांच्या युद्धात फ्रान्सच्या बाजूने लढणारे क्रोएशियन सैनिक गळ्याभोवती रुमाल गुंडाळून त्याची गाठ मारीत असत. फ्रेंचांना ती ढब आवडली. 'क्रोएट' या नावावरूनच 'क्राव्हात' हा शब्द रूढ झाला, आणि सैनिकाचा गळपट्टा राजदरबारातील सरदाराच्या गळ्यात जाऊन बसला. दरबारात गेल्यावर त्याला लेस लागली, त्याच्या चुण्या वाढल्या. एकोणिसाव्या शतकात त्याच गळपट्ट्याचे दोन वारस निघाले. एकाने गाठीखाली लांब शेपूट सोडले. तो आजचा नेकटाय. दुसऱ्याने गाठीच्या दोन्ही बाजूंना पंख पसरले, तो बो-टाय. म्हणजे मुळात हे दोघेही एका रणांगणावरच्या रुमालाचे वंशज आहेत. त्यांच्यात उच्चनीच भाव जन्मतः नाही.

मग बो-टाय हा मेजवानीचा आणि नेकटाय हा कचेरीचा, अशी वाटणी कशी झाली? तिचे कारण कोटाच्या इतिहासात आहे. गेल्या शतकापूर्वीच्या इंग्लंडात सायंकाळच्या मेजवानीला मागे लांब पाख्या असलेला काळा कोट आणि पांढरा बो-टाय हाच मान्य पोषाख होता. पुढे कुटुंबातल्या किंवा मित्रमंडळींतल्या जेवणासाठी आखूड कोट आला. त्यालाच डिनर जॅकेट असे नाव मिळाले. लंडनच्या हेन्री पूल या प्रसिद्ध शिंप्यांच्या पेढीने १८६५ साली त्या वेळच्या युवराजासाठी असा आखूड कोट शिवल्याचे त्या पेढीकडून सांगितले जाते. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या टक्सीडो पार्क या १८८६ साली वसलेल्या वसाहतीवरून त्याच कोटाला टक्सीडो हे नाव पडले. या आखूड कोटावर काळा बो-टाय बांधण्याची रीत पडली. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, आज ज्याला अत्यंत औपचारिक मानले जाते ते डिनर जॅकेट, जन्मले तेव्हा सैलसर, घरगुती वस्त्र होते.

कामकाजाच्या सुटाचीही कथा अशीच आहे. एकाच कापडाचा कोट आणि विजार हा इंग्रजांचा 'लाउंज सूट' एकोणिसाव्या शतकात फावल्या वेळी, गावाकडे किंवा सहलीला घालण्याचा पोषाख होता. लंडनच्या प्रतिष्ठित कचेरीत तो घालून जाणे त्या काळी उथळपणाचे समजले गेले असते. विसाव्या शतकात लांब कोट मागे पडले आणि हा साधा सूट कचेरी, न्यायालय, संसद असा सर्वत्र शिरला. कालचा सैल पोषाख आज औपचारिक ठरतो आणि आजचा औपचारिक उद्या केवळ रंगभूमीवर उरतो, असा पोषाखाचा क्रम दिसतो. शिष्टाचाराचे नियम ज्यांना दगडावरची रेघ वाटतात, त्यांनी ही गोष्ट अवश्य आठवावी.

तथापि नियम बदलतात म्हणून ते अर्थशून्य असतात असे मात्र नाही. भाषेतील शब्दांचे अर्थही बदलतात; म्हणून आज कोणी वाटेल तो शब्द वाटेल त्या अर्थाने वापरीत नाही. पोषाखाच्या भाषेत काळ्या, तकतकीत, रेशमी बो-टायचा अर्थ आज डिनर जॅकेटशी जोडला गेलेला आहे. त्या कोटाच्या गळपट्टीवर जी रेशमी झळाळी असते तिच्याशी बो-टायची झळाळी जुळते. तेथे तो शोभतो. तोच काळा बो-टाय कामकाजाच्या साध्या सुटावर बांधला, की पाहणाऱ्याला अर्धेच वाक्य ऐकल्यासारखे वाटते. डिनर जॅकेट हवे होते, ते मिळाले नाही, म्हणून निदान बो तरी बांधला, असा त्याचा अर्थ लावला जातो. पत्रिकेवर 'ब्लॅक टाय' असे स्पष्ट छापलेले असेल तर त्याचा अर्थ डिनर जॅकेटासह संपूर्ण पोषाख असा असतो. साध्या सुटावर काळा बो बांधल्याने ती अट पुरी होत नाही. अशा वेळी गडद सूट, पांढरा सदरा आणि साधा गडद नेकटाय हाच अधिक प्रामाणिक आणि अधिक शोभिवंत मार्ग असतो.

याचा अर्थ कामकाजाच्या सुटावर बो-टाय निषिद्ध आहे असा नव्हे. ब्रिटनचे पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांनी ठिपक्यांचा निळा बो-टाय आयुष्यभर दिवसाच्या साध्या सुटावर बांधला आणि त्याच पोषाखात राज्यकारभार केला. चंदीगडची आखणी करणारे आणि अहमदाबादेत गिरणीमालक संघाची १९५४ सालची वास्तू उभारणारे वास्तुशिल्पी ल कॉर्ब्युझिए जाड काळ्या चौकटीचा गोल चष्मा आणि बो-टाय यांवरून दुरूनही ओळखू येत. कागदावर वाकून रेखाटन करणाऱ्याला लोंबता टाय अडचणीचा होतो, हे कोणाच्याही ध्यानात येईल. डॉक्टरांमध्येही बो-टायची आवड पुष्कळ काळ होती, आणि तिचे कारण तितकेच व्यवहारी होते. रोग्यावर वाकताना नेकटाय त्याच्या अंगाला लागतो, बो लागत नाही. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत २००७ साली जंतुसंसर्गाच्या भीतीने डॉक्टरांना लांब बाह्या आणि टाय टाकून देण्याचे मार्गदर्शन झाले, तेव्हा या जुन्या अनुभवाला एक प्रकारे अधिकृत मान्यताच मिळाली. सारांश, दिवसाच्या सुटावरील बो-टाय हा वाकून काम करणाऱ्यांचा, आणि काही प्रमाणात स्वतंत्र वृत्तीच्या माणसांचा, अलंकार आहे.

असा बो बांधावयाचा असेल तर काही गोष्टी सांभाळल्या पाहिजेत. त्याचा रंग काळा नसावा, पांढरा तर मुळीच नसावा. गडद निळा, तपकिरी, मरून असा असावा, आणि त्यावर बारीक ठिपके किंवा रेघा असल्या तरी चालतात. कापडाला फार चकाकी नसावी. सदऱ्याची कॉलर नेहमीची, खाली दुमडलेली असावी. टोके वर उभी असलेली कॉलर मेजवानीच्या पोषाखासाठीच राखावी. नेकटाय सदऱ्याचा पुढचा भाग आणि गुंड्यांची ओळ झाकतो, बो झाकत नाही. म्हणून सुटात जाकीट असले तर पोषाख भरलेला दिसतो, नाहीतर कोटाची गुंडी लावून ठेवावी. बोची रुंदी चेहऱ्याच्या मानाने असावी. डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांपलीकडे तो जाऊ लागला, की गांभीर्य संपून विदूषकाची आठवण होऊ लागते. आणि शक्य असेल तर तो हाताने बांधावा. बुटाची नाडी ज्याला बांधता येते त्याला बो बांधता येतो, कारण गाठ तीच आहे. फरक इतकाच की ती गळ्याशी, आरशात पाहून बांधावी लागते. हाताने बांधलेल्या बोचा एक पंख किंचित तिरपा राहतो, आणि त्या किंचित तिरपेपणातच त्याची शोभा आहे. इलास्टिकने अडकवलेला तयार बो अगदी सरळ बसतो. परंतु त्याचे ते काटेकोर सरळपणच तो तयार असल्याची चुगली करते.

येथपर्यंतचा विचार जगातील कोणत्याही शहराला लागू पडेल. परंतु हिंदुस्थानात, आणि विशेषतः नवागामसारख्या वस्तीत, याच्या पुढचा विचार करावा लागतो. आपल्याकडे बो-टाय नित्य कोणाच्या गळ्यात दिसतो? लग्नाच्या वरातीतील वाजंत्र्यांच्या, मोठ्या हॉटेलातील वाढप्यांच्या, शाळेच्या स्नेहसंमेलनातील लहान मुलांच्या, आणि स्वागतसमारंभात सिंहासनावर बसलेल्या नवरदेवाच्या. यांपैकी पहिल्या दोघांच्या कामात कमीपणा काहीच नाही. ते घामाची भाकरी खाणारे लोक आहेत. पण समारंभात पाहुण्याला कोणी वाढपी समजून पाणी मागितले, तर त्याच्या मनाला जो ओरखडा उठतो तो खोटा म्हणता येत नाही. आणि तो ओरखडा तरी का उठावा? वाढप्याला सभेत मान नाही हे आपण गृहीत धरलेले असते म्हणूनच. म्हणजे प्रश्न गळ्यातल्या गाठीचा राहत नाही. कोणाला मान द्यावयाचा आणि कशावरून द्यावयाचा, याचा होतो. या प्रश्नाशी महाराष्ट्र आणि गुजरात या दोन्ही प्रांतांतील थोर माणसांनी फार खोलवर झुंज दिलेली आहे.

१८८८ हे एकच साल घेतले तरी पुरे. त्या वर्षीच्या २ मार्चला पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट या इंग्रज राजपुत्राच्या सन्मानार्थ हरी रावजी चिपळूणकर यांनी मेजवानी दिली. निमंत्रित मंडळी जडजवाहीर आणि उंची वस्त्रे लेवून आली होती. जोतीराव फुले त्या समारंभाला आले ते सामान्य शेतकऱ्याच्या वेषात. बोलण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी राजपुत्राला स्पष्ट सांगितले की, येथे जमलेले हे श्रीमंत लोक म्हणजे खरा हिंदुस्थान नव्हे. खरा हिंदुस्थान खेड्यांत, दारिद्र्यात आणि अज्ञानात राहतो, आणि त्याच्या शिक्षणाची सोय करावी हे राणीसाहेबांच्या कानावर घालावे. त्या दिवशी जोतीरावांचा वेष अपुरा नव्हता. तो वेष हाच त्यांच्या भाषणाचा पहिला परिच्छेद होता. पोषाखाचा नियम मोडण्याचा अधिकार त्यांना होता, कारण त्या मोडण्यामागे स्वतःचे कौतुक करून घेण्याची हौस नव्हती. हजारो अनुपस्थितांची बाजू होती.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मोहनदास गांधी नावाचा एकोणीस वर्षांचाही पुरता न झालेला तरुण बॅरिस्टर होण्यासाठी मुंबईहून विलायतेला निघाला. तेथे गेल्यावर आपले मुंबईत शिवलेले कपडे त्याला गावंढळ वाटू लागले. त्याने एकोणीस शिलिंगांची उंच हॅट घेतली, बाँड स्ट्रीटवर दहा पौंड खर्चून सायंकाळचा पोषाख शिवून घेतला, आणि तयार टाय वापरणे शिष्टसंमत नाही असे कळल्यामुळे टायची गाठ मारण्याची कला शिकून घेतली. रोज दहा मिनिटे मोठ्या आरशापुढे टाय नीट करण्यात आणि भांग पाडण्यात जात, हे त्यांनी स्वतःच पुढे आत्मचरित्रात नमूद करून ठेवले आहे. नवख्या माणसाला पोषाखाची जी धास्ती वाटते ती पुढे महात्मा झालेल्या माणसालाही चुकली नाही, ही गोष्ट नवागामातल्या एखाद्या नवपदवीधराला धीर देणारी आहे.

गांधींच्या पुढील आयुष्यातील आणखी एक प्रसंग येथे फार उपयोगाचा आहे. १८९३ साली दक्षिण आफ्रिकेतील डर्बनच्या न्यायालयात न्यायाधीशाने त्यांना पागोटे काढावयास सांगितले. त्यांनी नकार दिला आणि ते न्यायालयाबाहेर पडले. परंतु १८९४ साली नाताळ प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयात वकील म्हणून दाखल होताना मुख्य न्यायाधीशांनी तोच नियम सांगितला, तेव्हा त्यांनी पागोटे उतरवले. मित्रांना हे रुचले नाही. गांधींचा विचार असा होता की, वकील म्हणून न्यायालयाची शिस्त पाळणे उचित आहे आणि आपले बळ मोठ्या लढ्यासाठी राखून ठेवले पाहिजे. एकाच माणसाने एकाच वस्त्राविषयी दोन वेळा दोन निरनिराळे निर्णय घेतले, आणि दोन्ही विचारपूर्वक घेतले. पुढे १९२१ साली मदुरा येथे त्यांनी पंचा स्वीकारला, आणि १९३१ च्या नोव्हेंबरात लंडनच्या राजवाड्यात पंचम जॉर्ज बादशहाच्या चहापानाला ते त्याच वेषात गेले. आरशापुढे टाय बांधणाऱ्या तरुणापासून राजवाड्यातील पंचेधारी वृद्धापर्यंतचा हा प्रवास म्हणजे पोषाखाच्या धास्तीतून माणूस कसा मुक्त होतो याचाच इतिहास होय.

परंतु हा एकच मार्ग आहे असे समजणे मोठी चूक ठरेल. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांचा मार्ग वरवर पाहता याच्या अगदी उलट दिसतो. ज्या समाजाला अंगभर धड वस्त्र लेण्याचीही मुभा शतकानुशतके नव्हती, ज्याच्या कपड्यांवरून आणि दागिन्यांवरून त्याची जात दुरून ओळखली जावी अशीच रूढी होती, त्या समाजातून वर आलेल्या माणसाने नीटनेटका सूट आणि टाय घालून गोलमेज परिषदेत बसणे, ही स्वतःच एक घोषणा होती. १९२७ साली महाड येथे जमलेल्या स्त्रियांना उद्देशून बोलताना त्यांनी लुगडे नेसण्याची जुनी पद्धत आणि जातीची खूण सांगणारे जाडजूड दागिने टाकून देण्याचा उपदेश केला. तो टापटिपीचा उपदेश खरा; पण त्याच्या मुळाशी स्वाभिमान होता. आज गावोगावच्या पुतळ्यांत बाबासाहेब निळ्या सुटात आणि टायमध्ये उभे दिसतात. त्या सुटाला कोणी पाश्चात्त्यांचे अनुकरण म्हणू लागला, तर त्याला त्या सुटाचा अर्थच कळला नाही असे म्हणावे लागेल. ज्याला पंचा सोडवत नाही आणि ज्याला पंचा सक्तीने नेसावा लागला, त्या दोघांच्या पोषाखाचे मोल एकाच तराजूत तोलता येत नाही.

जोतीरावांचे मुंडासे, गांधीजींचा पंचा आणि बाबासाहेबांचा सूट ही तीन वस्त्रे परस्परविरोधी दिसत असली तरी तिन्हींच्या मुळाशी एकच तत्त्व आहे. माणसाने पोषाख निवडावा तो लाजेपोटी नव्हे, तर मानापोटी. दुसरे हसतील म्हणून घातलेला उंची सूटही माणसाला लहान करतो, आणि समजून-उमजून घातलेले साधे वस्त्रही त्याला मोठे करते.

समारंभाचे यजमान आणि संस्था यांच्यावरही याची काही जबाबदारी येते. २०१४ साली चेन्नईत एका उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना धोतर नेसले आहे म्हणून एका क्लबात प्रवेश नाकारण्यात आला. त्यावर मोठी खळबळ उडाली आणि तामिळनाडूच्या विधानसभेने त्याच वर्षी कायदा करून वेष्टी किंवा अन्य भारतीय पोषाखावरून सार्वजनिक ठिकाणी प्रवेश नाकारण्यास बंदी केली. वकिलांच्या गळ्यातील पांढऱ्या पट्ट्यांचेही असेच. काळा कोट आणि पांढरे पट्टे हा आपल्या न्यायालयांचा विहित पोषाख आहे. परंतु २०२०च्या मे महिन्यात साथीच्या काळात सर्वोच्च न्यायालयाने दूरदृश्य सुनावणीसाठी कोट आणि झगा यांची अट शिथिल केली आणि पांढऱ्या वस्त्रांवर केवळ गळ्यातले पांढरे पट्टे पुरेसे मानले. न्याय कोटाविनाही चालू राहिला. नियमातील आवश्यक भाग कोणता आणि केवळ सवयीचा भाग कोणता, हे संकटकाळी आपोआप उघड होते.

सुरतेला तर या बाबतीत शहाणपण शिकवणारा फार जुना प्रसंग लाभलेला आहे. १६१५च्या सप्टेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेजवळच्या सुवाळीच्या बंदरात उतरला. पुढे बादशहा जहांगीरच्या दरबारात त्याने आपल्या देशाचाच पोषाख ठेवला आणि आपल्या रीतीनेच मुजरा करण्याची परवानगी मिळवली. त्या वेळी बो-टाय जन्मालाही आला नव्हता. इंग्रज सरदार गळ्याभोवती चुणीदार कॉलर मिरवीत. त्या परक्या, विचित्र पोषाखाबद्दल मोगल दरबाराने त्याला दारातून परत लावले नाही. जगातील एका अत्यंत वैभवशाली दरबाराला जर परक्याचा वेष सहन करता येत होता, तर आपल्याच देशातील एखाद्या मेजवानीने आपल्याच देशबांधवाचे धोतर किंवा साधा सदरा पाहून नाक का मुरडावे?

या साऱ्याचा मथितार्थ व्यवहारात आणावयाचा तर पुढीलप्रमाणे म्हणता येईल. पत्रिकेवरील ओळ प्रथम नीट वाचावी; ती स्पष्ट नसेल तर यजमानाला विचारण्यात कमीपणा मानू नये, कारण विचारणे हे अडाणीपणाचे नसून आस्थेचे लक्षण आहे. कामकाजाच्या सुटावर काळा, चकाकणारा बो बांधण्याऐवजी साधा नेकटाय बांधावा. रंगीत बोची मनापासून आवड असेल तर सत्कार, परिसंवाद, स्नेहभोजन अशा प्रसंगी तो खुशाल बांधावा. शोकसभेला किंवा नोकरीच्या पहिल्या मुलाखतीला बांधू नये, कारण तेथे लक्ष माणसाकडे जावयास हवे, गाठीकडे नव्हे. सुरतेच्या दमट उकाड्यात गळा आवळून घेणे ज्याला सोसत नाही, त्याच्यासाठी बंद गळ्याचा कोट हा आपल्या देशात सर्वमान्य झालेला उत्तम पर्याय आहे. त्याला ना टाय लागतो, ना बो. स्वच्छ धुतलेला पांढरा सदरा, इस्त्री केलेली विजार आणि पुसलेले जोडे एवढेच ज्याच्यापाशी आहे, त्यानेही मान खाली घालण्याचे कारण नाही. कर्ज काढून शिवलेला किंवा भाड्याने आणलेला सूट एका संध्याकाळची शोभा देतो आणि अनेक महिन्यांचा घोर मागे ठेवतो. असा मान कोणत्याच समारंभाने मागू नये आणि कोणत्याच पाहुण्याने देऊ नये.

यजमानांनी मात्र एक गोष्ट अवश्य करावी. पत्रिकेवर परक्या भाषेतील संकेतांऐवजी 'भारतीय पोषाख किंवा सूट' असे सरळ शब्द छापावेत, आणि जो पाहुणा दाराशी येईल त्याच्या गळ्याकडे न पाहता त्याच्या चेहऱ्याकडे पाहून त्याचे स्वागत करावे. यंत्रमागावर रात्रपाळी करून ज्याने हजारो वार कापड जगाच्या अंगावर घातले, तो बाप आपल्या मुलाच्या सत्काराला साध्या सदऱ्यात आला, तर त्याला पहिल्या रांगेत बसवावे. ज्या सभेला एवढे कळते, तिच्यात कोणी गळ्यात काय बांधले आहे हे शोधीत बसण्याची कोणालाच आठवण राहत नाही.